उसनं हत्यार

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आज गाळ्याची किल्ली मिळाली. अर्ध्या गाळ्याची म्हणायला हवं, कारण उरलेला अर्धा साकेत गुप्तेचा आहे. पण मला अर्ध्यातसुद्धा लॉटरी लागल्यासारखं वाटतंय. इतकी वर्षं कोपरीच्या घरात गॅलरीत बसून छंद केला. ड्रिल चालवलं की खालच्या मजल्यावरून फोन, ग्राइंडर लावला की सोसायटीची नोटीस, आणि लोखंडाचा कीस वरणात सापडला तेव्हा योगिनीने धरलेला अबोला. बँकेतून व्हीआरएस घेतली, डोंबिवलीला राहायला आलो आणि पहिलं काम हे केलं. नव्या घराचे पडदे अजून लागायचेत. योगिनी म्हणाली, तू गाळ्यात जा, म्हणजे निदान घर तरी लागेल.

गाळा एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत आहे. पत्र्याचं छप्पर, उंच खिडक्या, थ्री-फेजचं कनेक्शन. दोन अर्ध्यांच्या मधे भिंत नाही, जमिनीवर नुसता पिवळा पट्टा ओढलाय. माझ्या बाजूला आज टेम्पोतून शेपर उतरला. शीळफाट्याच्या पोपटशेठच्या भंगारात तो पावसात उभा होता, अंगावर वेल चढलेला. शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा. सुतार हाताने मागेपुढे करतो ते इथे मोटरवर एक जड लोखंडी मान करते आणि पुढे बांधलेला तुकडा सपाट होत जातो. हल्ली कुणी वापरत नाही. पोपटशेठ म्हणाला, "साहेब, ह्याला वितळवायला पण कोण नेत नाय. तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, चालू करणार. तो हसला. हसू दे.

तुळसाबाई गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांची झाडलोट करते, इथल्याच जुन्या गावातली आहे. तिने शेपरभोवती एक फेरी मारली आणि मला नारळ फोडायला लावला. पाणी मशिनवर शिंपडलं, खोबरं वाटलं. साकेतने प्रसादाचं खोबरं डाव्या हाताने घेतलं. उजवा हात पॅंटच्या खिशात तसाच. एवढा शिकलेला माणूस, पण रीत म्हणून नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

साकेतबद्दल लिहून टाकतो, नाहीतर पोटात राहील.

माझ्याच वयाचा. माजिवड्याला राहतो, एका कंपनीत डिझायनर होता, आता घरून थोडंफार काम घेतो आणि उरलेला वेळ इथे. बोलणं हळू, कपडे इस्त्रीचे. दिवसभर मशिनपाशी उभा राहूनही याच्या शर्टाला डाग पडत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खुपतंय. त्याचा लेथ, म्हणजे लोखंड गोल कातायचं यंत्र, माझ्या आजोबांच्या वयाचा असेल, पण हँडल एका बोटाने फिरतं. मी फिरवून पाहिलं आणि तो बघत नाही असं बघून पुन्हा फिरवून पाहिलं.

आमच्यासारख्या जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. साकेतने फोटो टाकला की अंगठेच अंगठे. मी शेपरचे फोटो टाकले, गंज काढायच्या आधीचा आणि नंतरचा, तर खाली एकाने विचारलं, साकेतसरांना दाखवलंत का. दुसऱ्याने लिहिलं, नशीबवान आहात, गुरू शेजारीच मिळाला. म्हणजे आठवडाभर रॉकेलमध्ये भिजलो मी आणि गुरू तो.

त्याची खरी करामत स्क्रेपिंगची. मशिनचे जे भाग एकमेकांवर सरकतात ते अगदी सपाट लागतात, आणि इतका सपाटपणा शेवटी हातानेच आणावा लागतो. एका प्रमाण प्लेटवर निळा रंग पातळ फासायचा, आपला भाग त्यावर घासायचा. जिथे उंचवटा तिथे निळं लागतं. तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं, निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. मला जे महिनाभरातही जमणार नाही ते साकेत दुपारच्या चहाआधी संपवतो. आणि त्याचा हात चालत असताना तो तिकडे बघतसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत असतो. एवढा शिष्टपणा मी बँकेतल्या रिजनल मॅनेजरमध्येही पाहिला नाही.

एकच बरं आहे. त्याच्या डाव्या हाताला कायम काहीतरी झालेलं असतं. कधी पट्टी, कधी काळंनिळं नख. आज अंगठ्याला टाके दिसले. बघून मला बरं वाटलं. इतका खाली आलोय मी.

२२ सप्टेंबर, रविवार

शेपर सुरू झाला. मान मागेपुढे होते, पण डुगडुगते, कारण तिच्याखालच्या पट्ट्या झिजल्यात. त्या स्क्रेप करायला हव्यात. त्यासाठी आधी एक सरळ पट्टी लागते, स्ट्रेट-एज, ती मी स्वतः करायला घेतलीय. माझ्या हातची, माझं नाव कोरलेली. ग्रुपवर टाकली की कुणी साकेतचं नाव काढू नये अशी. आयुष्यात दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात इतकी वर्षं गेली, एक वस्तू तरी अशी असावी जी बघून लोक म्हणतील, ही सुदेश परचुऱ्याने केली.

पण जमत नाही. निळे ठिपके एका टोकाला गर्दी करतात, दुसरं टोक कोरडं. माझ्या मनात आलं की हत्याराचा दोष असेल. साकेतचा स्क्रेपर जुन्या कानशीचा केलेला आहे, मूठ खैराची, आणि मुठीवर अंगठा टेकवायच्या जागी झिजून खोलगट खळी पडलीय. आज मी तो उसना मागितला. वाटलं होतं नाही म्हणेल, म्हणजे मला घरी जाऊन योगिनीला सांगायला काहीतरी झालं असतं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "घेऊन जा रे. हवा तेवढे दिवस ठेव."

त्याचा चांगुलपणासुद्धा असा, की माणसाच्या अंगाला लागत नाही. खळीत माझा अंगठा बसत नाही. पट्टी आहे तशीच वाकडी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा. आज गल्लीत एक गंमत पाहिली. सकाळपासून सगळे एकमेकांची उसनी हत्यारं परत करत फिरतायत. कुणाचा पाना, कुणाची पकड, कुणाचं व्हर्नियर. वर्षभर मागून मागून न मिळालेल्या वस्तू आज आपापल्या पायांनी घरी येतात. तुळसाबाईने सांगितलं की इथला नियमच आहे, दुसऱ्याचं हत्यार आपल्या पूजेत मांडायचं नाही. मी विचारलं, मांडलं तर काय होतं. ती झाडू थांबवून म्हणाली, "मंग ते तुमचाच होतंय दादा." आणि पुन्हा झाडायला लागली.

माझ्याकडे आलेल्या दोन ड्रिल बिट्स आणि एक गुण्या मी नेऊन दिला. साकेत माझा टॉर्क पाना घेऊन आला. पिवळ्या पट्ट्यापलीकडे जरा थांबला. माझ्या टेबलावर त्याचा स्क्रेपर समोरच पडला होता. त्याने तो पाहिला, मी त्याला पाहताना पाहिलं. मग माझा पाना टेबलावर ठेवला आणि वळून गेला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

शेपरला झेंडूची माळ, हळदकुंकू, आपट्याची पानं. पुढे पाटावर सगळी हत्यारं मांडली. स्क्रेपर मधोमध ठेवला आणि त्यावर फुलं जरा जास्त वाहिली, इतकी की तो दिसू नये.

हात जोडताना काय मागितलं ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे. त्याचा हात मला दे, असं मागितलं.

आरती झाल्यावर साकेत सोनं द्यायला आला. आपट्याचं पान त्याने उजव्या हाताने दिलं. मी त्याला उजव्या हाताने काही देताना पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूप फार झाला होता गाळ्यात.

२० ऑक्टोबर, रविवार

पट्टी झाली. एका दुपारी झाली.

अंगठा खळीत बसतो आता, माझ्यासाठीच घडवल्यासारखा. हात आपोआप चालतो. मी सुरुवातीला बघत होतो, नंतर बघायची गरज उरली नाही, तर खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर एक कुत्रं होतं. परत पाहिलं तर निळे ठिपके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे. फोटो टाकला. ग्रुपवर सगळे तुटून पडले. कुणीही साकेतचं नाव घेतलं नाही.

घरी जाताना पेढे नेले. योगिनीने विचारलं कशाचे, तर मी म्हटलं बढती मिळाली.

१० नोव्हेंबर, रविवार

साकेतचा हात गेला. म्हणजे कामातून गेला. आज लेथवर साधा खिळा गोल करताना त्याचं काम वेडंवाकडं झालं, आणि तो चक्क हसला. नंतर मला म्हणाला की लेथ विकायचाय, तू घेतोस का, गाळ्याचा अर्धा भागही घे.

मी हो म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला. फक्त त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. माणसाचं एवढं जातं तेव्हा त्याने जरा तरी रडावं. मी त्याच्या जागी असतो तर अंथरूण धरलं असतं.

१ डिसेंबर, रविवार

दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवतो.

बँकेत माझी सही जुळली नाही. ज्या काउंटरमागे मी आयुष्यभर बसलो तिथे एका पोरीने मला सांगितलं, सर, पुन्हा करा. पुन्हा केली, पुन्हा वेगळी आली. माझ्या सहीपेक्षा चांगली होती, ही खरी बोच.

जेवताना हात घास उचलत नाही. ताटाच्या कडेवरून बोटं फिरवत राहतो, उंचवटा शोधत. चमचा दिला तर चमच्याची कड तपासतो. हल्ली मी डाव्या हाताने जेवतो.

आणि काल योगिनी टीव्ही बघत होती. मी शेजारी बसलो होतो. हात तिच्या गालावर गेला. तिला बरं वाटलं असावं, ती हसली, कारण असं मी किती वर्षांत केलं नव्हतं. मग अंगठा तिच्या गालाच्या हाडावर फिरायला लागला. एकाच जागी. पुन्हा पुन्हा. उंच भाग सापडला की जसा फिरतो तसा. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून आत गेली. आतून कडी लावली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

ग्रुपची माणसं गाळा बघायला आली होती, ठाण्याची, कल्याणची, दोन तर पनवेलहून. आधी केवढी वाट पाहिली होती या दिवसाची. नवा शर्ट घातला होता.

सगळे म्हणाले, काय हात आहे तुमचा. सगळ्यांनी हाताचे फोटो काढले. हात काम करताना, हात स्क्रेपर धरताना, हात टेबलावर नुसता ठेवलेला. घरी येऊन ग्रुपवर बघतो तर एकाही फोटोत माझं तोंड नाही. एकात हनुवटी आहे.

मी पट्टीवर नाव कोरलंय ते कुणी वाचलंही नाही. वाचलं असतं तरी काय. कोरलंयही त्या हातानेच. अक्षर माझं नाही.

साकेतवर जळत होतो तेव्हा निदान तो पिवळ्या पट्ट्यापलीकडे तरी असायचा. आता ज्याच्यावर जळतो तो माझ्याच मनगटाला आहे. त्याला मी साबण लावतो, त्याची नखं कापतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय आहे, पण माझं आहे.

डाव्या हाताने मी एक छोटा ओळंबा करत होतो, पितळेचा. आठवडाभर कानस घासून. ओबडधोबड झाला होता, एका बाजूला कलंडायचा, पण मी केलेला. आज व्हाइसच्या लोखंडी जबड्यात तो धरून घासत होतो, उजवा हात मांडीवर होता. तो उठला, व्हाइसचा दांडा धरला आणि आवळला. ओळंबा चपटा झाला. डाव्या हाताचा अंगठाही आत होता.

नख गेलं. डॉक्टरांना म्हटलं, लक्ष नव्हतं. खरं तर माझं पूर्ण लक्ष होतं.

साकेतच्या डाव्या हाताच्या पट्ट्या आज कळल्या.

१६ मार्च, रविवार

माजिवड्याला साकेतकडे गेलो. स्क्रेपर पिशवीत होता.

त्याची बायको रुचिता होळीच्या उरलेल्या पुरणाच्या पोळ्या करत होती आणि साकेत लाटत होता. उजव्या हाताने. पोळ्यांचे नकाशे झाले होते, पुरण बाहेर येत होतं, दोघं हसत होती. त्याने मला फाटकी पोळी वाढली आणि म्हणाला ही मी केली. मी एवढे सपाट पृष्ठभाग केले, पण तसं म्हणायचं सुख मला एकदाही मिळालेलं नाही.

स्क्रेपर पुढे ठेवला. परत घे म्हटलं. तो मागे सरकला, साप बघितल्यासारखा.

मग त्याने सगळं सांगितलं. गाळा आधी भाऊ म्हणून एका म्हाताऱ्यांचा होता. त्यांचं काम बघून साकेतची झोप उडाली होती. त्यांचा स्क्रेपर त्याने उसना आणला, दसऱ्याच्या आधी परत केला नाही, पूजेत मांडला. पुढची कितीतरी वर्षं हाताने त्याला आपल्या तालावर नाचवलं. स्क्रेपर फेकून उपयोग नाही, तो एकदा कळव्याच्या खाडीत टाकून आला होता, तर हाताने तस्साच दुसरा करून घेतला. देऊनही जात नाही. ज्याला तो मनापासून हवासा वाटेल, आणि परत करायचा दिवस आला तरी जो परत करणार नाही, त्याच्याकडेच जातो.

मी विचारलं, डाव्या हाताचं काय. साकेत म्हणाला, "त्याला दुसऱ्या कुणी काही केलेलं खपत नाही रे. आपलाच डावा हात असला तरी नाही."

आणि मग मान खाली घालून म्हणाला, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्क्रेपर मागितला असता तर तू दिला असतास. मी मागितला नाही. तू माझ्याकडे कसा बघायचास ते मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. मला माफ कर."

मी माफ केलं नाही. त्याने तसं केलं म्हणून नाही. तो सुटला म्हणून.

६ एप्रिल

योगिनी तिच्या बहिणीकडे कल्याणला गेली. म्हणाली, तू ये हवं तर, पण तो हात इथे ठेवून ये. ती थट्टा करत नव्हती.

ओट्याच्या ग्रॅनाइटवर सगळीकडे ओरखडे आहेत. सगळे सारखे. फार सुंदर.

२० जुलै

मार्ग सापडलाय. कुणीतरी माझ्यावर जळायला हवं, बस. दसऱ्यापर्यंत वेळ आहे.

कल्पिता म्हणून एक मुलगी ग्रुपवरून आली. कल्याणची, इंजिनिअर, शनिवार-रविवार येते. मला परचुरे काका म्हणते. स्वतःचा स्क्रेपर स्वतः केलाय, जुन्या कानशीचा, मुठीला सायकलची ग्रिप. बघून हसू आलं मला. तिला मी हाताचं काम मुद्दाम दाखवलं. ती डोळे मोठे करून बघत राहिली. मनात म्हटलं, लागला मासा.

२४ ऑगस्ट

स्क्रेपर तिला दिला. हवा तेवढे दिवस ठेव म्हटलं.

हात दिवसभर मिटून बसला होता. सोडवता आला नाही. नखं तळव्यात रुतली.

१४ सप्टेंबर

तिची पट्टी हळूहळू होतेय. दर रविवारी येते, घासते, खरवडते, चुकते, पुन्हा सुरू. मधेच गाणं गुणगुणते. आज निळे ठिपके मधल्या भागात चांगले आले तर मला बोलावून दाखवले. "काका, बघा ना, आलं की नाही?" आलं होतं.

मी कधी असं कुणाला बोलावून दाखवलं नाही. मला नेहमी वाटायचं आधी दुसऱ्याचं किती आलंय ते बघावं.

उजवा हात तिच्या पट्टीकडे वळलेला असतो. मी खिशात घालतो. तो बाहेर येतो.

२८ सप्टेंबर

तिच्या टेबलावर तिचाच स्क्रेपर. सायकलची ग्रिप. माझा दिसला नाही. घरी नेला असेल. नेला असेल, परत देणार नसेल — देवा, तिला तो आवडू दे — तिला परत द्यावासा वाटू नये —

डाव्या हाताचं मधलं बोट काल ड्रिलखाली — टाके. लिहिता येतंय अजून. एवढं तरी माझं आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. गल्लीत सकाळपासून पाने, पकडी इकडून तिकडे.

कल्पिताने आज रजा टाकली होती. आली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्क्रेपर काढला. पुसलेला, तेलाचा हात फिरवलेला. म्हणाली थँक्यू काका. मी म्हटलं अगं ठेव अजून. म्हणाली, "उद्या पूजा आहे ना, उसनं कसं ठेवू? आणि खरं सांगू का, माझा मला बरा पडतो."

मी तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही नाही तिथे. माझ्याकडचं काहीसुद्धा नको आहे तिला.

म्हणजे आणखी एक वर्ष. मग आणखी एक —

तिने पट्टी दाखवली. पूर्ण झाली. निळे ठिपके या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी भिंग लावून पाहिलं. या हाताने केलेल्या माझ्या पट्टीपेक्षा — थोडीशी — हो, चांगली आहे. सरळ लिहितो. चांगली आहे.

आता ती उद्यासाठी शेपर साफ करतेय. मागचं झाकण काढलंय, आतल्या मोठ्या दातेरी चाकाची घाण काढतेय. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. गुणगुणतेय. मेन बंद आहे ना काका, म्हणून विचारलं. हो म्हटलं. होताही बंद.

मी टेबलाशी. डाव्या हाताने लिहितोय. स्विचबोर्ड माझ्या उजवीकडे, भिंतीवर. उजवा हात सकाळपासून मांडीवर गप्प होता.

आता टेबलावर आला.

आता भिंतीवर. अंगठा फिरतोय, उंचवटा शोधत. मेनचा खटका — वर गेला, चालू. आवाज झाला नाही. तिने ऐकलं नाही. खाली शेपरचं हिरवं बटण —

हाक मारली की ती हात बाहेर काढेल. नुसतं नाव घेतलं तरी. तोंड काही कुणाच्या पूजेतून आलेलं नाही. तोंड माझंच आहे. वर्षभर सगळं हातावर ढकललं. तोंड माझं आहे आणि ते —

लिहितोय कशाला मी. बोलायला हवं.

बोलतो. तिची पट्टी इथेच समोर आहे, उन्हात, सगळीकडे सारखी निळी, आणि तिने ती गाणं म्हणत केली. बोट बटणावर आहे. हाक मारतो. एवढं वाक्य झालं की लगेच